सेंद्रिय रसायनशास्त्रातला पहिला शोधनिबंध जर्नलकडे पाठवताना: तयारीचा क्रम

सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला शोधनिबंध कसा तयार करायचा, हे सहसा कोणी वेगळे शिकवत नाही. अभिक्रिया जमते, वीस-पंचवीस संयुगे हाती येतात, गाइड म्हणतात, "आता लिहायला घ्या", आणि विद्यार्थी वर्डची कोरी फाइल उघडून प्रस्तावनेचे पहिले वाक्य शोधत बसतो. माझे सांगणे नेमके याच्या उलट आहे. प्रस्तावना शेवटी लिहावी आणि सुरुवात सपोर्टिंग इन्फर्मेशनपासून, म्हणजे सगळे जिला 'एसआय' म्हणतात त्या पूरक फाइलपासून करावी. वाक्यरचना एका संध्याकाळीत सुधारता येते. पण एका संयुगाचा कार्बन स्पेक्ट्रम घेतलेलाच नाही, हे निबंध पाठवायच्या आदल्या दिवशी लक्षात आले, तर नमुना पुन्हा बनवणे, शुद्ध करणे आणि उपकरणाच्या रांगेत उभे राहणे यांत सहज महिना निघून जातो.

पुढील क्रम नव्या संयुगांच्या संश्लेषणावरील पूर्ण लांबीच्या निबंधासाठी आहे. उदाहरणासाठी मी अमेरिकन केमिकल सोसायटीचे (एसीएस) 'जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री', म्हणजे 'जेओसी', डोळ्यांपुढे ठेवले आहे. इतर प्रकाशकांचे नियम तपशिलात वेगळे असले, तरी जेओसीच्या अटी पूर्ण करणारा निबंध इतरत्र फारसा अडत नाही. जर्नलच्या संकेतस्थळावरील लेखकांसाठीच्या सूचना मात्र स्वतः वाचा. त्या अधूनमधून बदलतात, आणि सीनियरने दिलेली जुनी पीडीएफ तेव्हा कामाची राहत नाही.

१. जर्नल आधी ठरवा

जर्नल ठरल्याशिवाय लेखनाचा आराखडा ठरत नाही. पूर्ण निबंधात प्रायोगिक भाग मुख्य मजकुरात येतो, तर 'ऑरगॅनिक लेटर्स'सारख्या संक्षिप्त निबंधांच्या जर्नलमध्ये तो बहुतांशी एसआयमध्ये जातो. निवडलेल्या जर्नलच्या गेल्या वर्षभरातील तुमच्या विषयाजवळचे चार-पाच निबंध त्यांच्या एसआयसह उतरवून घ्या. सूचनांच्या पानांपेक्षा अधिक गोष्टी त्यांतून कळतात.

पैशांचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवा. जेओसीसारख्या जर्नलमध्ये वर्गणीच्या मार्गाने निबंध छापायला लेखकाला शुल्क पडत नाही. मुक्त प्रवेशाचा (ओपन ॲक्सेस, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येण्याचा) पर्याय निवडला तरच पडते. 'आरएससी ॲडव्हान्सेस' आणि 'एसीएस ओमेगा' ही मात्र संपूर्ण मुक्त प्रवेशाची जर्नल्स आहेत आणि तिथे प्रकाशनशुल्काची तरतूद आधी करावी लागते. निबंध स्वीकारला गेल्यावर शुल्काचा आकडा पाहून गाइडकडे धाव घेण्यात अर्थ नसतो.

इथला मोठा सापळा बनावट जर्नल्सचा. तुमच्या 'मौलिक संशोधनाची' स्तुती करणारी आणि आठवड्याभरात स्वीकृतीचे आश्वासन देणारी ई-पत्रे सरळ डिलीट करावीत. खऱ्या जर्नलच्या नावाने उभी केलेली नकली संकेतस्थळेही असतात, म्हणून पत्त्याची खातरजमा प्रकाशकाच्या मुख्य संकेतस्थळावरून करा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 'यूजीसी-केअर' यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद केल्यापासून कोणते जर्नल ग्राह्य धरायचे हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे. प्रबंधासाठी निबंध मोजला जाणार असेल, तर आपल्या विद्यापीठाचा सध्याचा नियम संशोधन विभागाकडून लेखी मागून घ्या.

एक दिलासाही आहे. पहिल्या वेळी निबंध कोणत्याही एकसमान मांडणीत पाठवण्याची मुभा आता अनेक प्रकाशक देतात. एल्सव्हिअरची 'युअर पेपर युअर वे' ही सोय त्यातलीच. तेव्हा समास आणि फाँट जुळवण्यात दिवस घालवू नका, ते दिवस पुढच्या टप्प्यांसाठी राखून ठेवा.

२. साहित्य एका ठिकाणी आणा

लिहायला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फोल्डरमध्ये हव्यात, आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवी:

- प्रत्येक संयुगाच्या प्रोटॉन आणि कार्बन-१३ एनएमआरचे (चुंबकीय अनुनादाने रचना ओळखण्याच्या चाचणीचे) मूळ फोल्डर, एफआयडी म्हणजे उपकरणाने नोंदवलेल्या कच्च्या संकेताच्या फाइलसकट (केवळ पीडीएफ नव्हे). संयुगात फ्लोरिन किंवा फॉस्फरस असल्यास त्यांचेही स्पेक्ट्रा
- एचआरएमएसचे (रेणूचे वस्तुमान अचूक मोजणाऱ्या चाचणीचे) किंवा मूलद्रव्य विश्लेषणाचे मूळ अहवाल
- घन संयुगांचे वितळणबिंदू; कायरल (आरशातील प्रतिमेशी न जुळणाऱ्या) संयुगांसाठी प्रकाशीय घूर्णन आणि एचपीएलसीचे (घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचे) आलेख, रेसेमिक नमुन्याच्या (दोन्ही प्रतिरूपे समप्रमाणात असलेल्या) आलेखासह
- स्फटिकरचना केली असल्यास सीआयएफ फाइल (स्फटिकरचनेच्या माहितीची फाइल) आणि ती तपासणाऱ्या 'चेकसीआयएफ'चा अहवाल
- लॅब नोटबुकमधील संबंधित पाने, वजनांच्या मूळ नोंदींसह
- रचना काढण्यासाठी केमड्रॉ, स्पेक्ट्रासाठी मेस्ट्रेनोव्हा किंवा टॉपस्पिन, संदर्भांसाठी झोटेरो, मेंडेली किंवा एंडनोट यांपैकी एक
- सर्व लेखकांची नावे, संस्थांचे पत्ते, ई-पत्ते, ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) आणि निधीची मंजुरीपत्रे

महाविद्यालयात उपकरणे नसतील, तर नमुने बाहेर पाठवावे लागतात. आयआयटी मुंबईच्या 'सैफ' केंद्रासारख्या ठिकाणी बाहेरच्या संस्थांचे नमुने शुल्क घेऊन तपासून मिळतात. नमुना पाठवतानाच 'मूळ डेटाचे फोल्डर हवे' असे अर्जात लिहा. नुसती छापील पाने हाती आली, तर पुढे एकही स्पेक्ट्रम नीट प्रोसेस करता येत नाही, आणि काही महिन्यांनी मूळ फाइल मागायला गेल्यास ती उपकरणाच्या संगणकावर शिल्लक असेलच असे नाही.

३. संयुगांचा तक्ता तयार करा

एक्सेलमध्ये प्रत्येक संयुगाला एक ओळ द्या. स्तंभ असे: निबंधातील क्रमांक, नोटबुकमधील सांकेतिक क्रमांक, नवे की ज्ञात, ज्ञात असल्यास संदर्भ, उत्पादन मिलिग्रॅममध्ये आणि टक्क्यांत, वितळणबिंदू, प्रोटॉन, कार्बन, एचआरएमएस. जे हाती नाही तो रकाना लाल करा. पहिला तक्ता पाहून बहुतेकांना धक्का बसतो, कारण 'सगळे झाले आहे' असे वाटत असताना निम्मी पाटी लाल निघते.

निबंधातील क्रमांक आणि नोटबुकमधील क्रमांक असे दोन्ही ठेवण्याला कारण आहे. तिसऱ्या मसुद्यात गाइड एक संयुग गाळतात, '३घ'चे '३ग' होते, मुख्य मजकुरात बदल होतो आणि एसआयमधल्या स्पेक्ट्रमवर जुनाच क्रमांक राहतो. नोटबुकचा क्रमांक कधीच बदलत नाही, म्हणून फाइलींची नावे त्याच क्रमांकाने ठेवावीत.

नवे की ज्ञात हे सायफाइंडर किंवा रिॲक्सिस या रासायनिक डेटाबेसवर रचनेवरून शोधून ठरवा. नाव टाकून शोधू नका, कारण एकाच संयुगाची नावे अनेक असतात. या सेवा तुमच्या संस्थेत नसतील, तर पबकेम मोफत आहे. पण पबकेममध्ये न सापडलेले संयुग नवेच असते असे नाही, त्यामुळे शेवटची खात्री ज्या संस्थेत सोय आहे तिथल्या सहकाऱ्याकडून करून घ्यावी. नव्या संयुगासाठी संपूर्ण माहिती लागते. ज्ञात संयुगासाठी जुना संदर्भ द्यावा आणि आपली माहिती त्याच्याशी जुळते हे दाखवावे. निबंध नव्या पद्धतीचा असेल, तर ज्ञात संयुगांचे स्पेक्ट्राही जोडलेले बरे.

४. एनएमआर: सर्वाधिक वेळ इथे द्या

परीक्षक, म्हणजे जर्नल ज्याच्याकडे निबंध तपासायला पाठवते तो तज्ज्ञ, एसआय उघडतो तेव्हा बहुधा प्रथम स्पेक्ट्राच पाहतो. म्हणून एक उदाहरण बारकाईने पाहू. सुझुकी अभिक्रियेतून (बोरॉन-संयुग वापरून दोन वलये जोडणाऱ्या अभिक्रियेतून) मिळणारे ४-मेथॉक्सीबायफिनाइल घ्या. त्याच्या रेणूत १३ कार्बन, १२ हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन आहे. ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममधील प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये ३.८६ पीपीएमजवळ मेथॉक्सी गटाचा सिंगलेट (३ प्रोटॉन), ६.९८ ला डब्लेट (२), ७.३१ ला ट्रिप्लेट (१), ७.४२ ला ट्रिप्लेट (२) आणि ७.५७ ते ७.५२ या पट्ट्यात मल्टिप्लेट (४) दिसतात. बेरीज १२, म्हणजे रेणुसूत्राशी बरोबर. ही बेरीज प्रत्येक संयुगासाठी कागदावर करा. द्रावकाचा स्वतःचा संकेत ७.२६ ला, म्हणजे ७.३१ च्या अगदी शेजारी असल्यामुळे तो नकळत इंटिग्रेशनमध्ये (शिखराखालच्या क्षेत्रफळाच्या मोजणीत) घेतला जातो आणि एकाचा दीड प्रोटॉन होतो, याकडे लक्ष असू द्या.

आता कार्बन. रेणूत कार्बन १३ असले, तरी दोन्ही वलयांच्या सममितीमुळे संकेत नऊच अपेक्षित आहेत. त्यांतले दोन १२६.७ आणि १२६.८ ला इतके खेटून येतात, की पीक-पिकिंग आपोआप होऊ दिले तर एक गळतो आणि यादीत आठच उरतात. अशा जागी स्पेक्ट्रम मोठा करून दोन्ही शिखरे दाखवा. संकेत खरोखरच एकमेकांवर पडत असतील, तर तसे यादीत नमूद करा. बोरॉनला जोडलेल्या कार्बनचा संकेत पुष्कळदा दिसतच नाही, तेही एका वाक्यात सांगावे. फ्लोरिन असलेल्या संयुगात कार्बनच्या डब्लेटची दोन शिखरे दोन वेगळे कार्बन म्हणून लिहिली जातात. ही चूक परीक्षकाला एका नजरेत दिसते.

आकडे लिहिण्याची रीत ठरलेली आहे. उपकरणाची वारंवारता आणि द्रावक आधी लिहावेत. मग रासायनिक स्थानांतर, फाट (सिंगलेट, डब्लेट वगैरे), कपलिंग स्थिरांक आणि प्रोटॉनसंख्या, याच क्रमाने. प्रोटॉनसाठी स्थानांतर दोन दशांश स्थळांपर्यंत, कार्बनसाठी एका दशांश स्थळापर्यंत आणि कपलिंग हर्ट्झमध्ये एका दशांश स्थळापर्यंत द्यावे. मल्टिप्लेट नेहमी पट्टा म्हणून लिहावा, एका बिंदूवर नव्हे. एकमेकांशी कपल झालेल्या दोन प्रोटॉनचे स्थिरांक सारखे यायला हवेत. एका ठिकाणी ८.४ आणि जोडीदाराकडे ७.९ असेल, तर प्रोसेसिंग पुन्हा करा. संदर्भशिखर कोणते आणि कुठे धरले (क्लोरोफॉर्मसाठी ७.२६ आणि ७७.१६) हे एसआयच्या सुरुवातीला एकदाच सांगावे आणि सगळीकडे तेच पाळावे.

स्पेक्ट्रमची प्रत जोडताना संपूर्ण पट्टा दाखवा, रचना काढा, इंटिग्रेशन आणि शिखरांचे आकडे वाचता येतील एवढे मोठे ठेवा. सेंद्रिय प्रयोगशाळेतले नेहमीचे पाहुणे, म्हणजे नमुन्यात राहून जाणाऱ्या अशुद्धी, ओळखीचे असावेत: इथाइल ॲसिटेट ४.१२, २.०५ आणि १.२६ ला, डायक्लोरोमिथेन ५.३० ला, ॲसिटोन २.१७ ला, क्लोरोफॉर्ममधले पाणी १.५६ ला, काचेच्या उपकरणांच्या तोट्यांना लावतात त्या ग्रीसची रुंद शिखरे १.२६ आणि ०.८६ च्या आसपास. इथाइल ॲसिटेट राहिले असेल, तर नमुना हाय व्हॅक्यूमवर आणखी काही तास ठेवून स्पेक्ट्रम पुन्हा घ्यावा, आणि ते शक्यच नसेल तर शिखरावर 'द्रावक' असे लिहावे.

ते शिखर सॉफ्टवेअरमध्ये पुसणे हा मात्र गैरव्यवहार आहे, मग ते कितीही क्षुल्लक असो. 'ऑरगॅनिक लेटर्स'ने एसआय तपासण्यासाठी खास डेटा विश्लेषक नेमला, आणि अशुद्धीची शिखरे खोडलेले स्पेक्ट्रा आढळल्याचे तत्कालीन मुख्य संपादक अमोस स्मिथ यांनी २०१३ च्या संपादकीयात उघडपणे लिहिले. जर्नल मूळ एफआयडी मागू शकते, आणि मूळ फाइलमध्ये सगळे असते.

५. एचआरएमएस, वितळणबिंदू आणि स्फटिक

एचआरएमएसमध्ये गोंधळ होतो तो गणिताचा. केमड्रॉ दोन आकडे दाखवते: सरासरी रेणुभार आणि अचूक वस्तुमान. वरच्याच संयुगाचा रेणुभार १८४.२४ आहे, तर अचूक वस्तुमान १८४.०८८८. एचआरएमएससाठी दुसराच आकडा लागतो, कारण उपकरण प्रत्येक समस्थानिक वेगळा मोजते. प्रोटॉन जोडलेल्या आयनाचे अपेक्षित मूल्य काढताना हायड्रोजनचे अख्खे वस्तुमान (१.००७८) मिळवले, तर १८५.०९६६ येते, इलेक्ट्रॉन वजा केलेल्या प्रोटॉनचे (१.००७३) मिळवले, तर १८५.०९६१. बरोबर आहे ते दुसरे. जेओसीत मोजलेले आणि अपेक्षित मूल्य यांतील फरक ०.००३ च्या आत चालतो, त्यामुळे ही चूक तिथे कदाचित खपून जाईल. पण पाच पीपीएमची (दशलक्षात पाच भागांची) मर्यादा असलेल्या जर्नलमध्ये, जिथे या वस्तुमानाला जेमतेम ०.०००९ एवढीच मोकळीक मिळते, तिथे ती महागात पडते. आयन प्रोटॉनचा, सोडियमचा की आणखी कसला, आणि आयनीकरणाची पद्धत कोणती, हे प्रत्येक नोंदीत लिहा. ज्या रेणूत प्रोटॉन पकडणारा गट नाही त्याला ईएसआय या आयनीकरणाच्या पद्धतीत संकेत येत नाही म्हणून नमुना खराब समजू नका, एपीसीआय किंवा ईआय या दुसऱ्या पद्धती मागा.

एचआरएमएस रेणुसूत्राबद्दल सांगते, शुद्धतेबद्दल नाही. मूलद्रव्य विश्लेषण दोन्हींना आधार देते आणि त्याची परंपरेने मानलेली मर्यादा अधिक-उणे ०.४ टक्के आहे. द्रावक अडकून बसणारी संयुगे त्यात हमखास नापास होतात. तेव्हा सूत्रात अर्धे पाणी आणि पाव डायक्लोरोमिथेन घालून आकडे जुळवण्याआधी नमुना नीट वाळवा.

वितळणबिंदू पट्टा म्हणून द्यावा, आणि ज्ञात संयुगाच्या बाबतीत पूर्वीचा पट्टाही शेजारी द्यावा. स्फटिकरचना असेल, तर सीआयएफ फाइल आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेच्या 'चेकसीआयएफ'मधून तपासा, 'ए' आणि 'बी' पातळीच्या इशाऱ्यांना उत्तर लिहा, आणि फाइल केंब्रिज क्रिस्टलोग्राफिक डेटा सेंटरकडे जमा करून मिळालेला क्रमांक निबंधात द्या. जमा करण्याला शुल्क नाही. हे काम निबंध पाठवण्याच्या आधीचे आहे, नंतरचे नव्हे.

६. प्रायोगिक भाग दुसऱ्याला करता येईल असा लिहा

सर्वसाधारण कृती एकदाच लिहिली तरी प्रत्येक संयुगाखाली त्याचे स्वतःचे आकडे हवेत. वजन आणि मिलिमोल दोन्ही द्या आणि ते एकमेकांशी जुळवून पाहा. ४-ब्रोमोॲनिसोल १८७ मिलिग्रॅम म्हणजे १.०० मिलिमोल, फिनाइलबोरॉनिक आम्ल १४६ मिलिग्रॅम म्हणजे १.२० मिलिमोल, उत्पादन १६० मिलिग्रॅम म्हणजे ०.८७ मिलिमोल, अर्थात ८७ टक्के. परीक्षक हा भागाकार खरोखर करून पाहतात. उत्पादन '८६.८४ टक्के' असे लिहू नये. मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवरच्या आकड्याला तेवढी अचूकता नसते, आणि शुद्धीकरणाच्या कॉलममध्ये किती गेले हे आपल्यालाही ठाऊक असते.

'ओव्हरनाइट' ऐवजी तास लिहा. 'रूम टेंपरेचर' ऐवजी अंश लिहा, कारण नागपुरातल्या मे महिन्याची खोली आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळेची खोली यांत सहज पंधरा-वीस अंशांचा फरक असतो. तापवण्यासाठी ऑइल बाथ वापरला, ॲल्युमिनियमचा ब्लॉक की मायक्रोवेव्ह, हे सांगा. प्रकाशाने चालणाऱ्या अभिक्रियेत दिव्याची तरंगलांबी, वॅट, पात्राचे साहित्य आणि दिव्यापासूनचे अंतर द्या. उत्प्रेरक कोणत्या कंपनीचा आणि किती शुद्धतेचा, द्रावक कसा सुकवला, सिलिकाच्या कणांचा आकार (मेश) आणि इल्युएंटचे (कॉलममधून सोडलेल्या द्रावक-मिश्रणाचे) प्रमाण काय, हे सगळे एकेका ओळीचे काम आहे, पण ते नोटबुकमधून आत्ताच उचलले नाही तर नंतर आठवत नाही.

एककांच्या बाबतीत आपल्याकडच्या सवयी प्रात्यक्षिकाच्या वहीपासूनच्या आहेत. ग्रॅमसाठी 'जीएम' आणि तासांसाठी 'एचआरएस' असे इंग्रजीत लिहू नये. 'जी' आणि 'एच' एवढेच पुरते. आकडा आणि एकक यांच्यात जागा सोडावी. नॉर्मॅलिटीऐवजी मोलॅरिटी द्यावी.

धोक्याची सूचना हा आता एसीएसच्या जर्नल्समध्ये आवश्यक भाग आहे. उदाहरणार्थ, सोडियम अझाइड वापरले असेल, तर आम्लाशी संबंध आल्यास विषारी आणि स्फोटक हायड्रॅझोइक आम्ल तयार होते आणि डायक्लोरोमिथेनमध्ये काम केल्यास स्फोटक डायअझिडोमिथेन तयार होऊ शकते, हे संबंधित कृतीच्या आधी ठळकपणे लिहा.

७. रचना, आकृत्या आणि टीओसी चित्र

केमड्रॉमध्ये 'एसीएस डॉक्युमेंट १९९६' ही शैली पहिल्याच दिवशी निवडा. तिच्यात बंधाची लांबी १४.४ पॉइंट, रेषेची जाडी ०.६ पॉइंट आणि अक्षरे १० पॉइंटची एरियल किंवा हेल्व्हेटिका असतात. योजना (स्कीम, म्हणजे अभिक्रियेची आकृती) स्तंभात मावत नाही म्हणून कोपरा धरून लहान करू नका, अक्षरे वाचता येत नाहीत. तिची मांडणी बदला. एसीएसमध्ये एका स्तंभाची रुंदी सुमारे ३.३ इंच आणि दोन स्तंभांची ७ इंच असते.

स्क्रीनशॉट चिकटवणे टाळा. रेषाचित्रांना १२००, करड्या छटांना ६०० आणि रंगीत चित्रांना ३०० डीपीआय लागतात. विषयसूचीतले छोटे चित्र, म्हणजे टीओसी ग्राफिक, एसीएससाठी ३.२५ बाय १.७५ इंच आणि रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीसाठी ८ बाय ४ सेंटिमीटर असते. त्यात निबंधातली मुख्य अभिक्रिया आणि एक-दोन आकडे पुरेत. इंटरनेटवरून उचललेली पाने-फुले किंवा एखाद्या कंपनीचे चिन्ह घालू नका, कारण त्या चित्राचे हक्क तुमच्याकडे नसतात.

८. मजकूर, संदर्भ आणि साम्यतपासणी

आता लिहा. निकाल आणि चर्चा तक्त्यावरून सहज उभी राहते, प्रस्तावना तिच्यानंतर आणि सारांश सर्वांत शेवटी. जे अभिक्रियार्थी (सुरुवातीचे पदार्थ) चालले नाहीत तेही दाखवावेत, म्हणजे पद्धतीची मर्यादा कळते आणि परीक्षकाचा एक प्रश्न कमी होतो.

संदर्भ हाताने टंकू नका. सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावरही जर्नलची संक्षिप्त नावे, वर्ष, खंड आणि पाने एकदा डोळ्यांखालून घालावीत, कारण डीओआयवरून आलेली माहिती दर वेळी शुद्ध नसते. झोटेरो मागे घेतलेल्या निबंधांची सूचना देते. ती आली तर तो संदर्भ का हवा याचा विचार करा. न वाचलेला निबंध दुसऱ्याच्या यादीतून उचलला, तर पहिल्याची चूक तुमच्याकडेही येते.

साम्याविषयी, म्हणजे आपला मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी किती जुळतो याविषयी, आपल्याकडे एक गैरसमज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून नऊ टक्के आले की निबंध निर्दोष असे मानले जाते. जर्नलचा संपादक आकडा पाहून थांबत नाही, तो साम्य कुठे आहे ते पाहतो. प्रायोगिक भागातली ठरीव वाक्ये जुळली तर कोणी काही म्हणत नाही. चर्चेतला एक परिच्छेद जुळला तर तीन टक्केही पुष्कळ झाले. तुमचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संग्रहावर असेल किंवा निबंध केमआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर आधी टाकला असेल, तर तसे सोबतच्या पत्रात सांगा. भाषा सुधारण्यासाठी चॅटजीपीटीसारखे साधन वापरले असेल, तर त्याचा उल्लेख करावा लागतो. त्याला लेखक करता येत नाही.

९. लेखक, नावे आणि निधी

लेखकांचा क्रम पाठवण्यापूर्वी ठरवा, तोंडी नव्हे तर सर्वांना ई-पत्र पाठवून. एकदा निबंध गेला की नाव घालण्यासाठी किंवा काढण्यासाठी कारण द्यावे लागते आणि सर्वांची संमती लागते. ज्याने केवळ उपकरण चालवून दिले त्याचे आभार मानावेत. ज्याने निकालाचा अर्थ लावला तो लेखक. हा प्रश्न अवघड वाटतो म्हणून तो पुढे ढकलला जातो आणि मग आणखी अवघड होतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी एक विशेष सूचना. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. पोर्टलवरच्या रकान्यांत तोच क्रम भरला, तर आडनाव नावाच्या जागी जाते आणि पुढे तुमचे निबंध दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावावर जमा होतात. इंग्रजीत नाव कसे लिहायचे, मधले नाव पूर्ण की आद्याक्षर, लग्नानंतर कोणते आडनाव, हे पहिल्याच निबंधाच्या वेळी ठरवा आणि ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक काढून घ्या. तो मोफत मिळतो, आणि एसीएस तो पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाकडून मागतेच.

निधीचा उल्लेख मंजुरीपत्रावरील क्रमांकासह करावा. सीएसआयआर किंवा यूजीसीची फेलोशिप असो, बार्टी, सारथी, महाज्योती यांची असो, संस्थेचे नाव तिच्या अधिकृत रूपातच लिहावे. 'सर्ब'चे (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे) काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेले आहे. जुन्या प्रकल्पाचा क्रमांक असेल, तर कोणते नाव वापरायचे ते गाइडना विचारा.

१०. सोबतचे पत्र आणि पोर्टल

संपादकाला लिहायचे पत्र एका पानाचे असावे: काय नवे केले, ते या जर्नलच्या वाचकांना का हवे, निबंध दुसरीकडे पाठवलेला नाही, सर्व लेखकांची संमती आहे. 'आदरणीय महोदय'छाप नम्रता आणि 'अभूतपूर्व' हे विशेषण दोन्ही वगळावे. परीक्षकांची नावे सुचवताना सहलेखक, जुने गाइड आणि त्याच संस्थेतले सहकारी टाळा, आणि त्यांचे ई-पत्ते संस्थेचेच द्या. जीमेलचा पत्ता दिसला की संपादकाला शंका येते, आणि ती रास्त आहे, कारण खोट्या पत्त्यांवरून आपल्याच निबंधाचे परीक्षण केल्याची प्रकरणे घडलेली आहेत.

एसआयच्या पहिल्या पानावर शीर्षक, लेखक आणि अनुक्रमणिका द्या आणि पानांना 'एस'ने सुरू होणारे क्रमांक द्या. डेटा कुठे उपलब्ध आहे हे सांगणारे वाक्य मुख्य निबंधात असावे.

फाइली चढवल्यावर पोर्टल त्यांची एकत्र पीडीएफ तयार करते आणि तुमची मान्यता मागते. इथे घाई करू नका. डेल्टा, बीटा आणि अंशाचे चिन्ह यांच्या जागी चौकोन आले आहेत का, बाणांवरच्या अटी कापल्या गेल्या आहेत का, एखादी योजना दोनदा आली आहे का, हे पानोपान पाहावे, आणि हे काम निबंध लिहिणाऱ्याने करण्यापेक्षा ज्याने तो आठवडाभर पाहिलेला नाही अशा सहलेखकाकडून करून घ्यावे. चूक सापडली तर मान्यता न देता फाइल बदलता येते.

मान्यता दिल्यावर मिळणारा निबंधाचा क्रमांक सर्व सहलेखकांना कळवा. दोन-चार दिवसांत निबंध कार्यालयाकडून परत आला, तर आधी पत्र नीट वाचा: एखादी फाइल किंवा निवेदन राहिले म्हणून तो दुरुस्तीसाठी आला असेल, तर ती नापसंती नव्हे. राहिलेली फाइल जोडून त्याच क्रमांकावर पुन्हा पाठवायचा असतो. संपादकाचा निर्णय येईपर्यंत मात्र तोच निबंध दुसऱ्या कोणत्याही जर्नलकडे पाठवू नका.